चव पाहिली

रंगुबाईने फडक्याची गाठ सोडली आणि मटकी परातीत पालथी केली. मोड लांब आले होते, पण टोकाला तपकिरी पडले होते. उत्कर्षाने दोन दाणे चिमटीत उचलले. बोटं सोडवताना मध्ये बारीक तार आली.

"आत्याबाई, ही कधी भिजवलेली?"

"शुक्कीरवारी. शनवारी उसळ करायची हुती, तर अचानक सुट्टी दिली. काल आयतवार. आता काय उकिरड्यावर टाकू?"

ऊन तापू लागलं होतं, आणि शाळेची स्वयंपाकाची खोली पत्र्याची. तीन दिवस फडकं त्याच खिळ्याला टांगलेलं.

"वास येतोय."

"मोडाला वास येतोच, बाय. तीन पाण्यानं धुती. रटारटा उकळलं की समदं मरतंय."

जंतू मरतात. मरण्याआधी काही जंतू जे विष सोडतात, ते उकळूनही जात नाही. फलटणच्या कॉलेजात उत्कर्षाने हे पाच मार्कांसाठी लिहिलं होतं, आणि तिला पाचही मिळाले होते.

तिने दाणे परत परातीत टाकले. दिवाळीनंतर एकदा ती बोलली होती. भाताला रॉकेलचा वास येतो म्हणून तिने अख्खं पातेलं ओतायला लावलं. त्रेचाळीस पोरं उपाशी घरी गेली. रंगुबाईला, म्हणजे उत्कर्षाच्या नवऱ्याच्या सख्ख्या चुलतीला, महिनाभर घरी बसवलं. आणि ओतलेला भात खाऊन गावची कुत्री ठणठणीत राहिली. तेव्हापासून उत्कर्षा नळावर गेली की कुणी ना कुणी म्हणायचंच, "डॉक्टरीणबाई आल्या, घागरी झाका गं!" हेडसरांनी तर हसत हसत तिचं नाव चव बघणाऱ्या पालकांत घालून टाकलं. पालकाने आधी खायचं, वहीत सही करायची, मग पोरांना वाढायचं.

उसळ शिजली. कांदा-लसूण मसाल्याच्या झणक्याखाली दुसरा काही वास उरलाय का, ते तिला सांगता येईना. रंगुबाईने वाटी पुढे केली.

"घे. आन् काय बोलायचं ते आत्ताच बोल. मागनं नगं."

उत्कर्षाने चमचा तोंडात घातला. ठसका लागल्यासारखं करून ओढणी तोंडाशी नेली, आणि घास ओढणीत गेला. रंगुबाईची नजर क्षणभर त्या ओढणीवर थांबली, मग चुलीकडे वळली.

वहीत तिने लिहिलं, 'चव पाहिली. योग्य.' खाली सही केली.

आपल्या पोराची, सूरजची, तिला काळजी नव्हती. त्याच्या दप्तरात ती रोज चपाती-भाजीचा डबा घालायची. इतर पोरांचा विचार मनात येऊ नये म्हणून तिने नमुन्याची डबी भरायला घेतली. रोजच्या जेवणातला थोडा भाग एक दिवस बाजूला ठेवायचा, कुणाला काही झालं तरच उघडायचा. चिठ्ठीवर तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली. झाकण दोनदा दाबून पाहिलं.

डबी हातात घेऊनच ती व्हरांड्यात आली. पोरं रांगेत जेवायला बसली होती. सूरजचा डबा शेजारच्या आयेशाच्या मांडीवर होता, आणि ती चपातीचे तुकडे मोडत होती. सूरजचं ताट चाटूनपुसून रिकामं, बोटं रश्श्याने लाल झालेली.

"आई, आयेशाला आपली चपाती लय आवडती," तो म्हणाला. "आमी रोज बदलतो."

"रोज?"

"व्हय! आज्जे, मला अजून!"

रंगुबाई पळी भरून त्याच्यापुढे वाकली, आणि तशीच थांबली. पळीतला रस्सा थेंब थेंब ताटात पडत होता.

"उत्कर्षा," ती हळू आवाजात म्हणाली, "वाढू का गं ह्याला?"

हेडसर वही काखेत धरून दारात उभे होते. रांगेतली पोरं मान वर करून बघत होती. हातातली डबी अजून गरम होती.

"वाढा," उत्कर्षा म्हणाली.