धसईच्या बाजारातला कान

मी एक जुना, पोकळ आंब्याचा ओंडका आहे. मित्रांनो, हसू नका. माझी दोन्ही टोकं कानासारखी कोरलेली आहेत, म्हणून धसईच्या बाजारात मला सगळे कानच म्हणतात.

पूर्वी मी शेणवे गावाजवळच्या एका बांधावर उभा होतो. वादळात आडवा झालो. वखारवाल्याने ठोकून पाहिलं, पोकळ निघालो, तसा तो तोंड फिरवून गेला. कुणाली नावाच्या मुलीला मात्र मी पोकळच हवा होता. ती शिल्पकला शिकून गावी आली होती. तिच्या शेजारचा एक माणूस आतल्या आत कुढत राहिला आणि आळीत कुणाला पत्ताही लागला नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं.

तिने माझी टोकं कोरली आणि बाजाराच्या कडेला भिंत बांधून मला तिच्यात आरपार बसवलं. अलीकडे एक बैठक, पलीकडे एक. अलीकडच्याने मनातलं बोलायचं, पलीकडच्याने ऐकायचं. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून लाज वाटत नाही.

आधी पोरांनी माझ्यात कुकारे घातले. मग हळूहळू मोठी माणसं येऊ लागली. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला घरात कुणी विचारत नव्हतं. पलीकडचा नुसतं ‘हं’ म्हणाला तरी बोलणाऱ्याचा आवाज मोकळा व्हायचा. पाहुणे येऊन माझे फोटो काढायचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग घोळ झाला. बाळंतपणानंतर गावातल्या रुपाला सारखं रडू यायचं. ती माझ्यापाशी बोलली, पलीकडच्या बाईने तिला धीर दिला आणि ती हळूहळू सावरली. तिच्या सासूला वाटलं, ओंडकाच पावला! पुढच्या बाजारी ती नारळ आणि शेंदूर घेऊन आली.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. अहो, मी घाव सोसले ते कान होण्यासाठी. देवपण फुकटचं गळ्यात पडलं! आता देवाच्या पाठीमागे कोण बसणार? पलीकडची बैठक ओस पडली. लोक अलीकडून नवस बोलायचे, हात जोडायचे आणि निघून जायचे. त्यांची दुःखं माझ्यातून आरपार जाऊन पलीकडे मातीत पडायची. इतक्या गर्दीत मी अगदी एकटा झालो.

त्या दिवसांत भगीरथ येऊ लागला. डोंगरातल्या वाडीवरून तो रानभाजी विकायला यायचा. त्याची बायको बाळी वारली होती. दिवसकार्य होईपर्यंत लोक आले, नंतर कुणी तिचं नावही काढलं नाही. दर बाजारी त्याचा आवाज आणखी बारीक होत गेला. एकदा तो म्हणाला, “देवा, आता जगावंसंच वाटत नाय.” मला सगळं ऐकू आलं. पण मला तोंड कुठे आहे? त्या दिवशी मला माझ्या देवपणाची चीड आली.

पुढच्या बाजारी ऊन कडक होतं. कमळाबाई भेंडीची पाटी घेऊन पलीकडे सावलीला टेकली. देवाच्या मागे बसू नको, असं कुणीतरी दटावलं, तर म्हणाली की देवाला माझे गुडघे ठाऊक आहेत. तेवढ्यात अलीकडून भगीरथ बोलू लागला. तेच शब्द पुन्हा. कमळाबाई दचकली, उठायला लागली. मी मनात म्हटलं, बाई, जाऊ नको गं.

ती परत बसली. माझ्यापाशी तोंड आणून म्हणाली, “बाबा, इथं देव नाय. मी कमळाबाय, भेंडीवाली.”

अलीकडे टोपली उचलल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेला.

मग हळूच प्रश्न आला, “मग भेंडी कोन बघतंय?”

“भेंडी जाऊ दे रे. तू बोल, आयकते मी.”

भगीरथ रडला. बाळीचं नाव घेऊन घेऊन बोलला. कमळाबाईची भेंडी तशीच राहिली. मग तिने त्याला एकटं सोडलं नाही. हाताला धरून आरोग्य केंद्रातल्या ताईंकडे नेलं. आता तो येतो, आधी तिच्या पाटीपाशी थांबतो, मग भाजी मांडतो.

पण कमळाबाई दर वेळी पलीकडे नसते. मग पलीकडची बैठक पुन्हा रिकामी, आणि अलीकडे कुणीतरी बोलतच असतं. मित्रांनो, मला नारळ नको, शेंदूर तर नकोच नको. बाजाराला आलात तर भिंतीला वळसा घाला आणि थोडा वेळ पलीकडे बसा. मी नुसता लाकडाचा आहे. खरा कान तुमच्याकडे आहे.