लाल टोक कनकाचं, निळं टोक भागूचं

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे आणि मला दोन तोंडं आहेत. एक लाल, एक निळं. आज माझी उंची तुमच्या करंगळीच्या पेराएवढी उरली आहे, पण एके काळी मी चांगली वीतभर होते. माझं लाकूड कुठल्या झाडाचं, ते मला ठाऊक नाही. कारखान्यात माझ्या पोटात दोन रंगांच्या कांड्या बसवल्या आणि वरून अर्धा लाल, अर्धा निळा रंग दिला, एवढंच आठवतं.

१९८६ साली ठाण्यात, कोपरीतल्या एका दुकानातून मला दोन मुलींनी मिळून घेतलं. दोघी आठवीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. सुमेधाचे वडील बँकेत होते. घर शाकाहारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती दुधाचा पेला तोंडाला लावत नसे. शेवंती कोळीवाड्यातली. तिच्या बाबांची होडी होती आणि आई, दगडाबाई, बाजारात मासळी विकायला बसत.

या दोघी एका वहीत गोष्ट लिहीत होत्या. ती एकीनं रचायची आणि दुसरीनं वाचायची, अशी नव्हती. दोघींनी त्या गोष्टीत शिरायचं होतं. शेवंती झाली भागू नाखवीण, होडी हाकणारी. सुमेधा झाली कनका वैद्यीण, झाडपाला ओळखणारी. तापावरचं झाड शोधायला दोघी एका बेटाकडे निघाल्या होत्या. वही आणि मी एक दिवस एकीच्या घरी, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या.

"वारा, पाऊस, मगर, काय ते कुणीपण लिहा," शेवंतीनं पहिल्याच दिवशी बजावलं. "पण भागू काय बोलते, काय करते, ते मीच लिहिणार."

"मग कनकाचं मी," सुमेधा म्हणाली.

म्हणून तर मला आणलं होतं. भागू निळी, कनका लाल. खरं सांगते, मित्रांनो, इतकं सुखाचं काम फार थोड्या पेन्सिलींच्या नशिबी येतं. दोन्ही बाजूंनी झिजत होते, पण दोन्ही बाजूंनी लाड होत होते.

घाई एकाच गोष्टीची होती. तुळशीचं लग्न झालं की सुमेधाचं बिऱ्हाड डोंबिवलीला जाणार होतं. त्याआधी होडी बेटाला लागायला हवी होती.

कोजागिरीच्या सुमारास चूक झाली. चातुर्मास चालू होता आणि सुमेधाचं मन नेमाधर्मानं भरून गेलं होतं. तिनं लिहिलं की कनकाचं बोलणं ऐकून भागूच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं जाळं समुद्रात फेकलं आणि जन्मात मासळीला हात न लावण्याचा नेम घेतला. हे सगळं तिनं माझ्या निळ्या टोकानं लिहिलं. माझ्या अंगावर काटा आला, पण पेन्सिलीला थांबता कुठे येतं? सुमेधाच्या मनात पाप नव्हतं. भागूचं कल्याण झालं, या समाधानात ती झोपली.

मधल्या सुट्टीत शेवंतीनं पान वाचलं.

"भागूनं मासे सोडले?"

"अगं, किती छान वाटतंय बघ ना!"

"जाळं फेकलं? नवं जाळं? आणि घरचे काय खाणार, तुझा झाडपाला?"

"चिडतेस काय अशी? चांगलंच तर केलं तिचं."

"मला विचारलंस? आमच्याकडे काय देव नाय? आम्ही एकवीरेला नारळ ठेवतो, उपास पण करतो. आमचे आम्ही करतो!"

त्या दिवशी मी शेवंतीकडे गेले. तिनं मला उलटं धरलं आणि लाल टोकानं रागारागानं लिहिलं : कनका वैद्यिणीनं ताटभर तळलेले बोंबील खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाली, अजून वाढ.

ते वाचून सुमेधा बाकावरच रडली. मग वही बंद झाली. आठ दिवस मी सुमेधाच्या दप्तराच्या तळाशी पडून होते. दोन्ही टोकं शाबूत होती, पण करायचं काय त्यांचं?

नवव्या दिवशी सुमेधाची आई देवापुढे बसली होती. तळहातावर पळीभर पाणी घेऊन ती संकल्प सोडत होती. जवळच दप्तर भरत बसलेल्या सुमेधानं हळूच विचारलं, "आई, दुसऱ्या कुणासाठी आपण नेम धरला तर?"

"त्यांच्यासाठी आपण धरावा की."

"तसं नाही. त्यांनी पाळायचा नेम आपणच ठरवला तर?"

आई हसली. "ज्याच्या हातावर पाणी, त्याचाच संकल्प. दुसऱ्याचा हात ओढून पाणी ओतलंस, तर नुसती फरशी ओली होते गं."

सुमेधानं दप्तराच्या तळातून वही बाहेर काढली. संध्याकाळी वही छातीशी धरून ती कोळीवाड्यात गेली. शेवंती दारातच होती. ती तोंड फिरवून आत निघाली.

"काय गो, मैतरीण आली नि तू पाठ दाखवतेस?" दगडाबाईंनी तिला दटावलं. मग सुमेधाकडे वळून म्हणाल्या, "पोरी, चहा घेशील ना? टोप नवा हाय हो. याच्यात म्हावरा शिजला नाय कधी."

न विचारता, न सांगता त्यांनी तिचा नेम जपला होता. सुमेधाला रडूच आलं. "शेवंती, चुकले मी. भागू तुझी आहे."

"मी पण बोंबील भरवले ना तुझ्या कनकाला." शेवंतीला एकदम हसू फुटलं. "तुटून पडली होती पण ती!"

माझा रंग रबरानं जात नाही, नुसता पसरतो. म्हणून त्यांनी काहीच खोडलं नाही. शेवंतीनं खाली निळ्यानं लिहिलं, 'हे भागूनं केलेलं नाही.' सुमेधानं लाल टोकानं लिहिलं, 'हे कनकानं खाल्लेलं नाही.' आणि दोन नवे नियम केले. दुसरीच्या माणसाला काही विचारायचं असेल, तर तिच्यासाठी एक ओळ मोकळी सोडायची. लिहिलेलं सोसवत नसेल, तर कोपऱ्यात होडीचा नांगर काढायचा. नांगर दिसला की दुसरीनं होडी वळवायची, का म्हणून विचारायचं नाही.

नांगर एकदाच निघाला. सुमेधानं मोठं वादळ लिहिलं होतं आणि नेमके तेव्हा शेवंतीचे बाबा समुद्रावर होते. सुमेधानं दुसऱ्या दिवशी एवढंच लिहिलं, 'वारा पडला. चांदणं आलं.' बाबा सुखरूप परतल्यावर शेवंतीनं कारण आपणहून सांगितलं.

तुळशीच्या लग्नाआधी वहीतल्या दोघींना झाड सापडलं. सामानाचा टेम्पो आला त्या सकाळी सुमेधानं शेवटच्या पानावर लाल टोकानं विचारलं, 'भागू, तू घरी पोचलीस का?' खाली एक ओळ मोकळी राहिली. शेवंती शाळेतून येईपर्यंत वहीला आणि मला घेऊन टेम्पो माजिवड्याच्या पुढे गेला होता.

पुढे दहा वर्षं मी डोंबिवलीत एका पत्र्याच्या डब्यात होते. पत्रं येत-जात, पण ती शाईची. सुमेधानं मनात आणलं असतं, तर ती ओळ ती सहज भरू शकली असती. निळं टोक तिच्या हातात होतं. तिनं भरली नाही.

१९९६ साली शेवंती स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. बोलता बोलता डबा निघाला, वही निघाली. ते पान बघून शेवंती म्हणाली, "अगं, अजून मोकळीच?"

"तुझी ओळ आहे ती."

शेवंतीनं मला चिमटीत धरलं आणि लिहिलं, 'पोचले. तुझ्यासाठी घरात एक वेगळा टोप ठेवलाय.'

आता मला कुणी तासत नाही. सुमेधाच्या देवघरात सहाणेशेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्हीही कुणाबरोबर गोष्ट रचाल, खेळ मांडाल. दोन्ही टोकं तुमच्या हातात आली, तरी आपलंच टोक झिजवा. सोबत्याची ओळ कितीही दिवस मोकळी राहिली, तरी राहू द्या. तिथे काय येईल, ते तुम्हाला सुचलंच नसतं.