घरचं फडकं

वाइनच्या कारखान्याच्या तळघरातले सगळे त्याला भोवरा म्हणत. एकतीस वर्षं त्याचं एकच काम. उतरत्या फळ्यांच्या भोकांत उलट्या खोचलेल्या बाटल्या रोज पाव वळसा फिरवायच्या, म्हणजे आतला यीस्टचा गाळ हळूहळू बुचापाशी येऊन बसतो आणि काढून टाकता येतो. मनगटांना इतकी सवय झाली होती, की जेवताना पाण्याचा ग्लास हातात आला तरी ती वळत. बायको म्हणे, "अहो, तो प्यायचाय, फिरवायचा नाही!"

त्या सकाळी मात्र भोवरा जागच्या जागी खिळला होता. वरच्या मजल्यावरच्या पांढऱ्या खोलीत त्याची मुलगी परीक्षेला बसली होती. चाखणाऱ्यांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी झाली होती. त्या टेबलाशी आजवर तळघरातल्या कुणाचंही पोर बसलं नव्हतं. तळघरातल्या माणसांनी वर यायचं, बाटल्या ठेवायच्या आणि खाली जायचं, एवढाच त्या खोलीशी संबंध.

परीक्षा सरळ होती. सहा ग्लास, सहा फेसाळत्या वाइन, बाटल्यांवर कागदी पिशव्या. प्रत्येक वाइन कशी बनली ते सांगायचं. एक जरी चुकली तरी खुर्ची गेली. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली, मागे चाखणाऱ्यांच्या प्रमुख मोठ्या बाई आणि बाकीचे चाखणारे तीच वाइन आपापल्या ग्लासांतून चाखत होते. भोवऱ्यानं ओतायचं आणि तोंडातून ब्र न काढता उभं राहायचं. तो मधे बोलला तर परीक्षाच रद्द. ओतणं त्याला जमत होतं. गप्प राहणं आयुष्यात जमलेलं नव्हतं.

"पहिली टाकीत आंबलेली," मुलगी म्हणाली. "बुडबुडे मोठे, घाईत वर येतात. पिकल्या नाशपातीचा वास. लवकर प्यायची, साठवायची नाही."

मोठ्या बाईंनी कागदावर खूण केली.

"दुसरी पुरती आंबायच्या आधीच बाटलीत भरून बूच मारलंय. गाळ काढलेलाच नाही, म्हणून गढूळ."

तिसरी लाल होती, पण तिनं रंगावर न जाता सालींचा तुरटपणा आधी सांगितला. चौथी नि पाचवी दोन्ही बाटलीत आंबलेल्या. "चौथीत शेवटी साखर घातलीय. पाचवीत कणभरही नाही, जिभेच्या कडा आवळल्या."

भोवऱ्याची छाती शर्टात मावेना. ही दहा वर्षांची असताना तो तिच्या कानाला ग्लास लावायचा. "ऐक पोरी, टाकीतली बडबडते, बाटलीतली कुजबुजते." बायको तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायची. आता येऊन बघ म्हणावं!

मग सहावा ग्लास. भोवऱ्यानं ओतला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बाकीच्यांच्या ग्लासांत फेस नाचत होता आणि मुलीच्या ग्लासात वाइन साचल्या पाण्यासारखी पडून होती. एकाच बाटलीतली! ती बाटली त्याच्याच रांगेतली, सात वर्षं मुरलेली.

आणि त्याला फडकं आठवलं.

ग्लास गरम पाण्यानं धुवायचे, उलटे टांगून वाळवायचे, फडकं लावायचं नाही, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. भोवऱ्याला तो वरच्या लोकांचा नखरा वाटे. सकाळी मुलीच्या शेवटच्या ग्लासावर पाण्याचा डाग दिसला. माझ्या पोरीच्या ग्लासावर डाग? त्यानं खिशातलं घरचं धुतलेलं फडकं काढलं आणि आतून-बाहेरून लख्ख पुसला. आता जीव टांगणीला लागला. बोलावं तर परीक्षा रद्द, न बोलावं तर पोर नापास.

मुलीनं वास घेतला. पुन्हा घेतला. ग्लास खाली ठेवला.

"वाइन मेलेली नाहीये," ती म्हणाली. "ग्लास खराब आहे. फडक्यानं पुसलाय. फडक्यात साबण राहिला होता, त्यानं फेस मारला."

"कसला साबण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मागून मुलीचे कान लाल झालेले भोवऱ्याला दिसले.

"लिंबाच्या वासाचा," ती हळू म्हणाली. "आमच्या घरचा. आई फडकी घाईत खळबळते."

सगळ्यांच्या माना भोवऱ्याकडे वळल्या. बाईंनी चष्मा काढला आणि त्यालाच विचारलं, "ग्लासाला घरच्या माणसाचा हात लागला असेल, तर ही परीक्षा मी ग्राह्य का धरावी?"

मोरीत ग्लास धुणाऱ्या कुणावरही ढकलता आलं असतं. भोवरा एक पाऊल पुढे आला.

"मीच पुसला, बाई. डाग बघून राहवलं नाही. चूक माझी आहे, मला काय ती शिक्षा करा. पण तिनं ओळखलं ना! बापाला वाचवायला गप्प बसली असती, तर ती या टेबलाच्या कामाची नव्हती."

बाईंनी मुलीचा ग्लास उचलून हुंगला. बराच वेळ हुंगला. मग स्वतः उठून टांगलेला एक ग्लास काढला आणि स्वतःच्या हातानं ओतला. या वेळी बारीक बुडबुड्यांची माळ वर चढली.

"बाटलीत आंबलेली," मुलगी म्हणाली. "गाळावर सहा-सात वर्षं. भाजलेल्या पावाचा वास. आणि गाळाचा कणही मागे राहिलेला नाही. फिरवणाऱ्याचा हात कसलेला आहे."

"ते विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाशी असलेली रिकामी खुर्ची ओढून तिच्यापुढे केली.

भोवरा तळघरात उतरला, तेव्हा फळ्यांमधून माना बाहेर आल्या. "काय रे, पास झाली का?"

"पास?" भोवऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "अरे, तिनं मला पकडलं! भर खोलीत, सगळ्यांसमोर, बापाला पकडलं!"

आणि ते फडकं त्यानं आपल्या फळीच्या खिळ्यावर टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.