कल्ले लाल राहिले पाहिजेत

मित्रांनो, माझ्या झाकणावर चहाच्या पेल्यांचे सात गोल डाग आहेत, माझी एक बिजागरी तारेने बांधलेली आहे आणि पोटात अजून चिंचेचा किंचित वास येतो. हसू नका. आमच्या इराणमधल्या आबादान शहरात माझ्याइतका प्रवास केलेली दुसरी बर्फाची पेटी दाखवा, मग खुशाल हसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती कुवेतहून निघालेल्या लाकडी गलबताची. आम्ही पन्नास जणी एकमेकींच्या डोक्यावर बसून आलो, सगळ्या लाल अंगाच्या आणि पांढऱ्या झाकणाच्या. आमच्या दोन भिंतींच्या मध्ये फेसाचा जाड थर असतो. तो दिसत नाही, पण सगळी करामत त्याचीच. बाजारात नासेर नावाच्या माणसाने तुम्ही कलिंगड वाजवता तसे मला वाजवून पाहिले आणि थेट घरी नेले. त्याच्या बायकोचे नाव बद्रिया. सगळी गल्ली तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी, म्हणून मीही खालाच म्हणते.

काय दिवस होते ते. नासेर तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात कामाला होता. उन्हाळ्यात तिथल्या लोखंडाला हात लावायची सोय नसे. मी त्याच्याबरोबर पाळीवर बर्फाचे पाणी घेऊन जायची आणि शुक्रवारी नदीवर मासे आणायला. घरची वीज गेली की शेजारणी दूध, लोणी, एकदा तर कोणाच्या डोळ्यांचे औषधसुद्धा माझ्या स्वाधीन करून गेल्या होत्या. "बद्रियाच्या पेटीत ठेवलंय" एवढे म्हटले की काळजी मिटायची. पुढे बिजागरी तुटली. नासेरने तार वळवून ती घट्ट बांधली आणि म्हणाला, "आता ही माझ्यापेक्षा जास्त टिकणार."

तसेच झाले. नासेर गेला आणि मला गच्चीवर नेऊन ठेवले. आधी माझ्यात कांदे भरले, मग जुन्या चपला. विचार करा, ज्या पोटात लोकांची औषधे सांभाळली त्या पोटात चपला. उन्हाने माझा लाल रंग गुलाबी झाला, झाकणाचे रबर कडक झाले. सहा वर्षे गेली. पण रोज सकाळी मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होते, की थंडी कशी धरून ठेवायची ते मी विसरलेली नाही.

मग एका वसंतात खालाने फोनवर एक बढाई मारली.

झाले असे, की खालाची भाची सोहेला लग्न होऊन मशहदला गेली होती. तिला आईबाप नाहीत, खालानेच तिला वाढवले. मशहद समुद्रापासून किती तरी लांब. सोहेलाच्या सासूने, इफ्फत खानमने, खालाला पहिल्यांदाच जेवायला बोलावले होते. फोनचा आवाज मोठा होता आणि खिडकी उघडी, त्यामुळे गच्चीवर मला सगळे ऐकू आले.

"आमच्याकडे मासा म्हणजे गोठवलेला," इफ्फत खानम म्हणाल्या. "ताजा मासा आम्ही फक्त ऐकून आहोत."

"पहाटे नदीत पोहणारा सबूर रात्री तुमच्या दस्तरखानावर मांडते," खाला म्हणाली. "कल्ले लाल नसले तर मला आबादानची म्हणू नका."

"बघू हं कल्ले," इफ्फत खानमचा आवाज फार गोड होता. "आबादानच्या लोकांचं बोलणं आम्हांला माहीत आहे."

दस्तरखान म्हणजे जेवायला अंथरतात ती चादर आणि सबूर म्हणजे तुमच्याकडचा पाला मासा. काटे भरपूर, पण चवीला त्याच्यासारखा मासा नाही. आणि आबादानचे लोक बोलतात भरपूर, हे सगळ्या इराणला माहीत आहे. पाच मिनिटांत सोहेलाचा फोन आला.

"खाला, काय बोलून बसलीस? तू जेवशील आणि विमानात बसून परत जाशील. मला इथंच राहायचंय. दर शुक्रवारी, पाहुण्यांसमोर, 'आमच्या सुनेच्या खालाचा तो मासा' ऐकत."

"आणते म्हटलं ना."

"अगं, बाजारातला गोठवलेला आण नि गप्प बस."

"गोठवलेला सबूर मऊ पडतो, पोरी. तुझी सासू कसायाची लेक. तिला बोट लावल्याबरोबर कळेल."

फोन ठेवून खाला जिना चढून वर आली. तिने माझ्यातल्या चपला गच्चीवर ओतल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले.

"ऊठ गं बाई," ती म्हणाली. "कामाला लागायचंय."

मित्रांनो, सहा वर्षांनी कोणी असे म्हटले तर काय वाटते ते सांगता येत नाही. तिने मला मीठ आणि लिंबाने घासले, रबराला तेल चोळले, आत बर्फ भरून दिवसभर उन्हात ठेवले. संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा अर्ध्याहून जास्त बर्फ शिल्लक होता. खालाने माझ्या झाकणावर थापटले.

जाण्याच्या दिवशी उजाडताच आम्ही नदीवर रज्जाक कोळ्याकडे पोचलो. खालाने प्रत्येक माशाचा कल्ला उचलून पाहिला.

"खाला, मासा घेतेयस का सून बघतेयस?" रज्जाक म्हणाला.

"सुनेत खोट निघाली तर निभावून नेता येतं. तो डावीकडचा दाखव. तो नाही रे, तो तुझ्यासारखा झोपाळू आहे."

चार सबूर माझ्यात आले. वर खाली बर्फाचा चुरा. बाहेरून खालाने फुलाफुलांची जुनी गोधडी गुंडाळली आणि नासेरच्या जाळ्याच्या दोरीने आवळली. मी पेटी कमी आणि बाळंतिणीचे गाठोडे जास्त दिसत होते.

विमानतळावर मला वजनाच्या काट्यावर ठेवले आणि तिथेच घात झाला. माझ्या बुडाशी पाणी काढायचे बूच असते. ते कधीतरी सैल झाले होते. बर्फ वितळून टप, टप, काट्यावर थेंब पडू लागले. सांगते तुम्हांला, इतकी लाज मला चपलांचीसुद्धा वाटली नव्हती.

"खाला, गळणारी पेटी विमानात जाणार नाही," खिडकीवरचा माणूस म्हणाला. "बर्फ काढा, नाहीतर पेटी परत न्या."

"बर्फ काढला तर मासा कसा टिकेल, बाबा?"

"ते मी कसं सांगू? मी तिकिटं बघतो, मासे नाही."

मागे रांग होती. खाला खाली बसली, दोरी सोडली, सगळा बर्फ एका मोठ्या कुंडीत ओतला, मला आपल्या ओढणीने पुसून कोरडे केले आणि बूच दातांनी पिळून घट्ट बसवले. नंतर तिने हातातली पिशवी उघडली.

पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आठ चपट्या पुड्या होत्या. सबूरच्या पोटात भरायचा मसाला. चिंचेचा कोळ, कोथिंबीर, मेथी, लसूण, मिरची. मशहदला असली चिंच मिळते का कोण जाणे, म्हणून तिने तो घरीच वाटून पिशव्यांत बंद केला होता आणि खराब होऊ नये म्हणून दगडासारखा गोठवला होता. दोन पुड्या खाली, प्रत्येक दोन माशांच्या मध्ये एक, उरलेल्या वर. मोकळ्या जागेत वर्तमानपत्र दाबून भरले.

"हे काय आता?" त्या माणसाने विचारले.

"मसाला. तोच बर्फ आणि तोच मसाला. घट्ट बांधलाय. गळला तर पत्ता देऊन ठेवते, जेवायलाच या."

मागच्या रांगेतले लोक हसले. त्यालाही हसू आले. त्याने मला हलवून पाहिले, काटा पुसला आणि माझ्या दोरीला चिठ्ठी बांधली.

आता सगळे माझ्यावर होते. आणि नेमकी तेव्हा धूळ आली. आमच्याकडे वसंतात अशी धूळ येते की समोरचे खजुराचे झाड दिसत नाही. विमान थांबले. मी सामानाच्या गाडीवर उघड्यावर उभी, दहाचे अकरा झाले, अकराचा एक वाजला. गोधडी गरम झाली. मग झाकण कोमट झाले. तारेच्या बिजागरीपाशी एक बारीक फट आहे, तिथून उष्णता बोट घालून बघत होती. मी मनाशी म्हटले, बाहेरचे बाहेर. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये जो फेस आहे तो याच दिवसासाठी भरला होता. मी तसूभरही हलले नाही. दोन वाजता आभाळ जरा निवळले आणि मला उचलून विमानाच्या पोटात ठेवले. तिथे छान गार होते.

मशहदच्या घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सोहेलाचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा होता. खाला दोरी सोडायला वाकली, तर इफ्फत खानम पुढे झाल्या.

"राहू द्या, तुम्ही दमलात. मीच उघडते."

झाकण निघाले. चिंचेचा आणि नदीचा वास स्वयंपाकघरात पसरला. पुड्या मऊ झाल्या होत्या, पण आत अजून बर्फाचे कण कुरकुरत होते. इफ्फत खानमनी सर्वांत खालचा मासा काढला. खालचाच, बरे का. बोटाने दाबला. मग कल्ला उचलला आणि दिव्याखाली धरला.

कोणी श्वास घेत नव्हते. मीसुद्धा.

"लाल आहेत," त्या म्हणाल्या. मासा खाली ठेवत म्हणाल्या, "पण आबादानला आज धूळ होती म्हणतात. विमान चार तास उशिरा."

"होती तर," खाला म्हणाली. "माशाला सांगितलं नाही."

सोहेला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. मसाला भरण्याजोगा मऊ झालाच होता. तिघींनी मिळून माशांची पोटे भरली, शिवली आणि मासे भट्टीत सरकवले. रात्री इफ्फत खानमच्या ताटाच्या कडेला काट्यांचा एवढा ढीग झाला, की त्यांनी तो पावाच्या तुकड्याखाली लपवला. मी दाराजवळून पाहिला.

भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, हे त्यांच्याकडेही आहे. निघताना इफ्फत खानमनी केशर आणि कांद्यात मुरवून गोठवलेल्या कोकराच्या बरगड्या माझ्यात भरल्या. "आता बघू, आमचं मांस तुमच्या धुळीत कसं पोचतं," त्या म्हणाल्या. मित्रांनो, पोचले. तक्रारीला जागा नाही असे पोचले.

म्हणून तुम्हांला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण माळ्यावर पडली असेल तर तिला खाली काढा. काम झाले की धुवा, पुसा आणि झाकण कधी गच्च लावून ठेवू नका, आत कुबट वास धरतो. बूच तपासा. बिजागरी तुटली तर तार वळवा, टाकून देऊ नका. आणि कृपा करून चपला भरू नका. थंडी धरून ठेवायला वय आड येत नाही. कोणीतरी 'ऊठ' म्हणावे लागते, एवढेच.

मी आता स्वयंपाकघराच्या दाराशी असते. खाला माझ्या झाकणाखाली लाकडी चमचा आडवा ठेवते, म्हणजे बोटभर फट राहते आणि वारा खेळतो. काल सकाळी फोन वाजला.

"खाला," सोहेला म्हणाली, "सासूबाई विचारत नाहीयेत हं, त्या नुसत्या म्हणतायत, की सबूरचा हंगाम संपत आला असेल ना."

खालाने फोन ठेवला आणि माझ्या झाकणाखालचा चमचा काढला.