पलंगाखालच्या गिटारीची दुकानातली उडी

मी एक जुनी गिटार आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! माझं काय जातंय?

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. अंग बुटकं, लाकूड स्वस्त. पण घरातली पोर तेव्हा एवढीशी होती. मोठी गिटार मांडीवर घेतली की पोर गायब, नुसते पाय दिसायचे! म्हणून तिच्या मावशीने मला निवडलं. "लहान हाताला लहान गिटार," ती म्हणाली. किती बरोबर बोलली!

पोर वाढली. माझी मात्र मान वाकली आणि तारा वर उचलल्या गेल्या. इतक्या, की खालून मांजर अंग न चोरता जायचं! पोर दात-ओठ खाऊन तारा दाबायची, तेव्हा कुठे मी सुरात बोलायचे.

मग तिला बँडमध्ये बोलावणं आलं. उद्या कार्यक्रम, आणि आज ड्रमवाला म्हणतो, "ए, हे खेळणं घेऊन स्टेजवर चढलीस तर मी खाली उतरेन हं!" पोरीचा चेहरा एवढासा झाला. मावशीने चपला घातल्या आणि थेट दुकान गाठलं.

अहाहा, काय ते दुकान! भिंतभर गिटारी! पोरीने आधी उचलली ती काळी, चकचकीत.

"दिसायला झकास आहे," मावशी म्हणाली, "पण कपाटाला मिठी मारल्यासारखी बसलीयेस."

मग आली एक मधाच्या रंगाची, साधी. मांडीत अशी बसली, जणू तिथेच वाढली! पोरीने पहिली कॉर्ड धरली आणि... शी! सगळे सूर वर चढलेले.

"मावशी, ही बेसुरी आहे!"

"अहो, आत्ताच तर सुरात लावलीये," दुकानदार रडवेला झाला.

पोर तिला परत टांगायला निघाली. हाती आलेली गिटार चालली, उद्याचा कार्यक्रमही चालला! आणि दोष कुणाचा? माझा! माझ्यावर जोर लावायची सवय लागलेली तिची बोटं त्या नव्या तारा करकचून ताणत होती. ताणलेली तार चढणारच ना!

मग काय, मी पोरीच्या पाठीवरच्या पिशवीची चेन तोडून टुणकन काउंटरवर उडी मारली आणि गरजले, "अगं वेडाबाई, ती म्हणजे मी नव्हे! हळू दाब!"

पोरीने बोटं सैल सोडली. आणि असा सूर निघाला, असा सूर, की दुकानदार आनंदाने छताला जाऊन चिकटला!

म्हणून मित्रांनो, हात वाढला की गिटार बदला, आणि नव्या गिटारीला नव्या हाताने भेटा. पण जुनीला विसरू नका. तिच्या तारा सैल करा, तिला ओलीपासून जपा, तिची...

"आजी, पुरे!" भिंतीला टेकलेली मधाच्या रंगाची गिटार ओरडली. "तू दुकानात आलीच नव्हतीस! 'हळू दाब' मावशी म्हणाली होती. तू इथे पलंगाखाली होतीस. घरी आल्या आल्या ताई मला तशीच टेकवून पलंगाखाली शिरली आणि तुला कुशीत घेऊन सगळं सांगत बसली. मी ऐकलंय!"