उमरेडची पिशवी

सध्या माझा मुक्काम दवाखान्यातल्या एका खाटेखाली आहे. त्यामुळे आवाज जरा खालून येईल, तेवढं चालवून घ्या. मी एक पिशवी. घरात मला ‘उमरेडची पिशवी’ म्हणतात. उमरेडला माझा जन्म झाला एवढं खरं. पुढे तिकडे जाणं क्वचितच झालं. मी जाते ती दवाखान्यात. तरी नाव उमरेडचंच का, आणि त्या नावानं एकदा काय घोळ घातला, ते सांगते.

उमरेडच्या मागावर विणलेलं जाड सुती कापड ते माझं अंग. शामलाच्या आईनं मला शिवलं, आतून अस्तर लावलं आणि लेकीबरोबर नागपूरला धाडलं. शामलाचं सासर प्रताप नगरात. नवरा मनोहरराव सरकारी कचेरीत कारकून, सासू यमुताई घरातली मुख्य कचेरी, आणि पुढे केशव जन्मला. सुरुवातीला मी भाजी वाहायची. वांग्यांशी माझं जमलं, ओल्या मेथीशी कधी जमलं नाही.

केशव रांगता असताना एकदा तापात त्याला आकडी आली. मनोहररावांनी हाताला लागेल ते उचललं आणि पोराला घेऊन धावत सुटले. दवाखान्यात पोचल्यावर पाहिलं तर हातात छत्री आणि कचेरीच्या कपाटाची किल्ली. ऊन मार्चचं होतं आणि कपाट कचेरीत होतं. पोराला दुपटं नाही, लंगोट नाही. शामलानं लुगड्याचा पदर फाडून वेळ भागवली. माणसं लग्नाला जायची तयारी महिनाभर करतात आणि दुखण्याला मात्र अशी जातात, जणू ते पहिल्यांदाच पृथ्वीवर आलं आहे.

पोर बरं होऊन घरी आलं. शामलानं मला भाजीच्या नोकरीतून मुक्त केलं, धुऊन उन्हात वाळवलं आणि भरलं. दुपटी, लंगोट, झबलं, मेणकापड, चमचा आणि केशवचं बोंडलं. बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायचं ते चोचीचं छोटं भांडं. जरा मोठा झाल्यावर केशव घरी पेल्यानं पिऊ लागला, पण परक्या जागी बोंडल्याशिवाय घोट घेत नसे. पेला दिसला की तोंड मिटून घ्यायचा.

तयार होऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर चढले. यमुताईंनी लगेच विचारलं, “हे भरलेलं ओझं कशाचं वं शामला?”

आता या घरात एक रीत होती. दवाखान्याचं नाव घरात घ्यायचं नाही. नाव घेतलं की दुखणं ऐकतं आणि पत्ता शोधत येतं, असं यमुताईंचं मत. शामलानं ती रीत पाळली आणि पटकन म्हणाली, “उमरेडची पिशवी आहे, आत्याबाई.”

यमुताईंनी भरलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग सुनेकडे. मला ते पाहणं आवडलं नव्हतं.

त्याच सुमारास शेजारच्या चारुशीलाबाईंची सून ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणून माहेरी गेली होती आणि दिवाळी होऊन गेली तरी परतली नव्हती. यमुताईंनी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. भाजीत तेल जास्त पडलं म्हणून त्या सुनेला बोलायच्या, आणि बोलून झालं की हळूच माझ्याकडे पाहायच्या. मी खुंटीवर आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. “अवं, तसं तेल बरंच असते म्हणा, पोराच्या अंगी लागते.” या घरात सुनेला जो सुखाचा काळ आला तो माझ्यामुळे, हे मी नम्रपणे नमूद करते.

पण एकदा वाद तेलावर थांबला नाही. शामला तणतणत पाणी भरायला गेली. यमुताई माझ्यापाशी आल्या, आत हात घातला आणि बोंडलं काढून घेतलं. स्वतःशीच पुटपुटल्या, “बोंडलंच नाई तं पोराले नेईन कशी?” मग दुपटीही काढली, चमचाही काढला. मी रिकामी दिसू नये म्हणून जुन्या धोतराचे आणि लुगड्याचे गोधडीसाठी जमवलेले तुकडे माझ्यात कोंबले. मी पूर्वीसारखीच गुबगुबीत दिसत राहिले. ओरडायची सोय असती तर ओरडले असते.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ते झालं. दोन वर्षांच्या केशवला सकाळपासून उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पोर कोमेजून मनोहररावांच्या खांद्यावर पडलं. या खेपेस मात्र धावपळ नव्हती. “उमरेडची घेते,” शामला एवढंच म्हणाली आणि मला काखेत मारून रिक्षात बसली. मागच्या रिक्षात यमुताई.

डॉक्टरबाईंनी पोराची कातडी चिमटीत धरून पाहिली, डोळे पाहिले. म्हणाल्या, “अंगातलं पाणी गेलंय. मीठ-साखरेचं पाणी देते, घोट घोट पाजा. पोटात राहिलं तर ठीक. प्यायलाच नाही तर सलाईन लावावं लागेल, आणि याची शीर सापडायची पंचाईतच आहे.”

पेला पुढे आला. केशवनं तोंड मिटलं. चमचा दातांवर आपटून पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. नर्सनं सुईचा ट्रे आणून ठेवला.

“थांबा, बोंडलं आहे,” म्हणत शामलानं मला उघडलं. आतून निघालं अर्धं धोतर. मग लुगड्याची पट्टी. मग आणखी अर्धं धोतर.

मनोहरराव म्हणाले, “जुने कपडे घेणाऱ्या भांडेवालीची पिशवी उचलली का वं तू?”

शामलानं मला उलटी करून झटकलं. दाराशी उभ्या यमुताईंचा चेहरा त्या धोतरांहून पांढरा पडला होता. “सुई लावू नका वं डॉक्टरीणबाई, मी आलीच,” म्हणत त्या वळल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी ती बाई रिक्षाकडे पळाली.

परतल्या तेव्हा मुठीत बोंडलं होतं. त्याला तुरीच्या डाळीची पूड लागली होती.

“कुठं होतं हे?” शामलानं विचारलं.

“डाळीच्या डब्यात. मीच ठेवलं. तू रुसून उमरेडले चालली अन् पोराले घेऊन जाशील, असं वाटलं मले.”

“आत्याबाई, ही दवाखान्याची पिशवी आहे! नाव घेऊ नये म्हणून उमरेड म्हटलं.”

“मंग तसं सांगाचं नाई का वं?”

“तुम्हीच तं बोलू देत नाही!”

तोवर नर्सनं बोंडलं उकळून आणलं होतं. चोच ओठांना लागली. केशवनं डोळे किलकिले केले, ओळखीची वस्तू पाहिली आणि एक घोट घेतला. मग दुसरा. संध्याकाळी त्यानं यमुताईंच्या मांडीवरच्या धोतरात लघवी केली, तेव्हा ‘पाणी अंगी लागलं’ म्हणत डॉक्टरबाई हसल्या आणि ट्रे आत गेला. ओलं धोतर पाहून एवढं सुखावलेलं कुटुंब मी दुसरं पाहिलं नाही. कोंबलेले तुकडे वाया गेले नाहीत, म्हणून यमुताईंनी पुढे त्याचं श्रेयही घेतलं.

तेव्हापासून मी त्यांच्या ताब्यात आले. केशव, मग त्याची बहीण देवकी. नाकात गेलेला चिंचोका, फुटलेला गुडघा, गोवर. दर महिन्याला यमुताई मला उपसायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा भरायच्या. “मनोहर, पिशवीतला चमचा काहून घेतला गा?” असं त्या ओरडल्या की मला धन्य वाटायचं. नाव मात्र उमरेडचंच राहिलं. शेजाऱ्यांना अजून कळत नाही, ही माणसं रडतं पोर घेऊन उमरेडला जातात कशी आणि संध्याकाळी परततात कशी.

तुमच्याही घरी लहान मूल असेल तर माझ्यासारखी एखादी खुंटीवर ठेवा, आणि ती कशासाठी आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा. चमचा काढलात तर परत ठेवा. एवढीच विनंती.

आज खाटेवर यमुताई आहेत. मोतीबिंदू काढलाय, डोळ्यांवर पट्ट्या, उताणं निजायचा हुकूम. “निजून पाणी पेलं तं ठसका लागते,” म्हणून त्या सकाळपासून तोंड मिटून पडल्या आहेत. मघाशी केशव खाली वाकला. मिसरूड फुटलंय आता त्याला. त्यानं माझ्यात हात घातला आणि बोंडलं काढलं.

“पी वं आजी, नाई तं सलाईन लावतीन.”

यमुताईंनी चोच बोटांनी चाचपली आणि हसल्या. “डाळीच्या डब्यात सापडलं का गा?”

“नाई आजी. पिशवीतच होतं.”

आणि त्या प्यायल्या.