आप्पांची अर्धी रेघ

माझं तोंड फटकळ. माहेरी, सासरी, सेलूच्या आमच्या अख्ख्या गल्लीत हे ठाऊक आहे. तरी पोरीच्या साखरपुड्यात आमच्या ह्यांनी सख्ख्या भावाला चोर म्हटलं, तेव्हा जीभ आवरावी एवढी अक्कल मला सुचली नाही. उलट फोडणी मीच दिली.

झालं असं. शिवानीचं लग्न ठरलं अन् तिनं हट्ट धरला, वरात आजोबांच्या अम्बॅसडरमधूनच काढायची. आजोबा म्हणजे माझे सासरे, चन्नप्पा. आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. ते गेल्यापासून गाडी धाकट्या दिराकडं, शिवप्रकाश भाऊजींकडं परभणीला होती. भाचरं, पुतणे सगळे त्यांचे लाडके, त्यात शिवानी तर जीव की प्राण. त्यांनी गाडी स्वतः धुऊन-पुसून सेलूला आणून दिली. पण जुन्या गाडीचं आरटीओत पासिंग करायचं तर इंजिनचा नंबर तपासतात. गाडीच्या पुस्तकात एक नंबर, इंजिनवर भलताच!

आता आप्पा तर जन्मभर सांगत आलेले, ‘इंजिन कंपनीचंच हाय, अस्सल.’ मग बदललं कुणी? गाडी कुणाकडं होती? ह्यांचं डोकं तिथंच फिरलं.

साखरपुड्याला भाऊजी पंगतीत बुंदी वाढत होते. ह्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत तोंड सोडलं, “बापाच्या गाडीचं इंजिन विकून खाल्लंस, अन् वर भंगारातलं बसवलंस? लाज न्हाई वाटली?”

भाऊजींनी बुंदीचं ताट खाली ठेवलं. “दादा, मी न्हाई विकलं.”

“मग कुणी बदललं? बोल की!”

भाऊजी खाली मान घालून गप्प. ते गप्प बसले म्हणून मला चेव आला. मी जावेकडं, नीलम्माकडं वळून म्हटलं, “हातच्या काकणाला आरसा कशाला? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तुमी!” नीलम्मानं पानावरून हात उचलला. दोघं न जेवता उठून गेले. लग्नघरातून भाऊ उपाशी गेला, अन् व्याह्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. मला तेव्हासुद्धा वाटलं, बरी खोड मोडली.

शिवानी मात्र त्या दिवसापासून धड बोलेना. “काका नसले तर मी मांडवात उभी राहणार न्हाई,” एवढंच एक. ह्यांना वाटलं, पुरावा दाखवला की पोरगी गप्प बसेल. म्हणून गाडी देवगाव फाट्याला गोपाळ मिस्त्रीकडं नेली. मीपण सोबत गेले.

“ह्या इंजिनचं साल काढ,” हे म्हणाले. “परवा-परवा बसवलेलं असंल. त्याच्या तोंडावर फेकतो.”

गोपाळ हसला. “मालक, लोखंड ओतलं ते साल त्याच्यावर उठवलेलं असतंय. पण त्यावरून इंजिन कवा बनलं ते कळतंय, कवा बसवलं ते न्हाई.” तरी तो वाकला. खालच्या अंगाला तेलाचा नि धुळीचा हा एवढा थर. रॉकेलच्या बोळ्यानं तो घासायला लागला. आकडे वर आले. इंजिन गाडीपेक्षा बरंच अलीकडचं होतं, पण तसं जुनंच, माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधीचं.

“बघ! जुनं उचलून टाकलंय,” हे म्हणाले.

गोपाळ अजून घासतच होता. आकड्यांच्या शेजारी पांढरं काहीतरी दिसायला लागलं. आडवे पट्टे. विभूतीचे.

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दसऱ्याला यंत्रांना विभूती लावतात. पण गरम लोखंडावर राख टिकत नाही. म्हणून आप्पा पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बोटं बुडवून पट्टे ओढायचे. घरातली दुसरी कुणी बोटं रंगात घालायची नाहीत. तो मान आप्पांचा.

मी जवळ गेले. वरच्या दोन रेघा पुऱ्या, ठसठशीत. खालची अर्धी.

आप्पांच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर यंत्रात गेलं होतं. त्यांच्या कपाळावरची खालची रेघ कायम अर्धीच असायची. लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहा देताना ती मी बघितली होती.

“आवो,” मी म्हटलं, “हे आप्पांनी ओढलंय. ह्याच इंजिनवर. म्हंजे आप्पा होते तवाच हे बसलेलं होतं.”

हे कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग तिथल्याच स्टुलावर बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी! अन् फासाचा दोर मी वळलेला.

आम्ही तशीच गाडी काढून परभणी गाठली. भाऊजींच्या दारात ह्यांनी गाडी थांबवली, पण खाली उतरेनात. “तू जा. मी कोणत्या तोंडानं जाऊ?”

माझं तोंड तरी कुठं जागेवर होतं? पण गेले. नीलम्मानं दार उघडलं, पाणी दिलं. मी तिचे हात धरले. “नीलम्मा, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं झालं माझं. मला शिव्या दे, पण लग्नाला या. इंजिन आप्पांनीच बदललं, कळलं आमाला.”

“का बदललं, ते कळलं का?” नीलम्मा म्हणाली.

“गप बस,” भाऊजी आतून म्हणाले.

“न्हाई बसत. चोर म्हणून घेतलं, आता किती गप बसायचं? वैनी, तुमाला बघायला दादा तुमच्या माहेरी पोखर्णीला आले होते ना, ह्याच गाडीतून?”

आले होते की. मी खिडकीतून आधी गाडीच बघितली होती, माणूस नंतर.

“ऐटीत गाडी हाकत आले, रेडिएटरमध्ये पाणी घातलंच न्हाई. परत जाताना इंजिन जाम झालं. आप्पांनी दादाला सांगितलं, पाइप फुटलाय. अन् आमच्या ह्यांना नांदेडला नेऊन गुपचूप दुसरं बसवलं. वर शपथ घातली, पोराची सोयरीक जमलीय, त्याला बोल लागू द्यायचा न्हाई.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मला बघायला आले तेव्हा जळालेलं इंजिन, अन् त्याच्यावरून मी ह्या माणसाला उपाशी हाकललं होतं.

“वैनी,” भाऊजी म्हणाले, “दादाला सांगू नका. मी येतो लग्नाला.”

मी मान हलवली. बाहेर आले. भाऊजी मागून पाण्याची कळशी घेऊन आले अन् सरळ बॉनेट उघडलं. हे गडबडीनं खाली उतरले.

“अरे, पाणी घातलंय मी सकाळी.”

“असू दे, दादा. लांब जायचंय तुमाला.” भाऊजींनी फडक्यानं रेडिएटरचं झाकण काढून ह्यांच्या हातात दिलं अन् हळूहळू पाणी ओतू लागले.

हे झाकण धरून उभे. एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा त्या अर्ध्या रेघेकडं, मग माझ्याकडं. मी नजर खाली घातली. माझ्यासारख्या बाईनं नजर खाली घातली, तिथंच ह्यांना कळलं.

“शिवा,” हे म्हणाले. “पोखर्णीहून येताना... ते मीच ना रे?”

भाऊजींनी कळशी खाली ठेवली.

“झाकण घट्ट लाव, दादा,” ते म्हणाले. “अन् चल आत, जेवून घे.”